पुन्हा पाहण्याची परंपरा : सणाच्या सुट्टीतील सचेतनपट आणि आपले घर

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• सणाच्या निमित्ताने एकच चित्रपट कुटुंबाने दरवर्षी पाहणे ही ‘परंपरा’ कशी ठरते, ते स्पष्ट करता येईल.
• या परंपरेचे पोथीवाचन, कीर्तन व चित्रकथी यांच्याशी असलेले नाते सांगता येईल.
• चित्रपट आणि चित्रपटाभोवती घरात होणारे बोलणे, या दोन संहितांमधील फरक ओळखता येईल.
• आपल्या घरातील अशा परंपरेची नोंद शास्त्रशुद्ध रीतीने करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीतील एक दुपार डोळ्यांसमोर आणा. फराळाचे डबे भरून झाले आहेत. मुले दूरचित्रवाणी संचासमोर बसली आहेत. पडद्यावर राम, सीता व लक्ष्मण वनात चालले आहेत. पण ही माणसे खरी नाहीत, रेखाटलेली आहेत. बाहेरून आलेले वडील क्षणभर थांबतात आणि म्हणतात, “अरे, हा तर मागच्या दिवाळीतही पाहिला होता ना?” मुले मान हलवतात, पण जागची उठत नाहीत. थोड्या वेळाने वडीलही तिथेच टेकतात.

कथा ठाऊक आहे, शेवट ठाऊक आहे, पुढचे वाक्यही पाठ आहे. तरीही ही माणसे का बसून राहतात? या पाठात आपण याच प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. ‘मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात कार्टून कशासाठी?’ अशी शंका तुमच्या मनात येणे साहजिक आहे. तिचे उत्तर पाठाच्या ओघात मिळेल. तूर्त एवढेच ध्यानात ठेवा, की जे साहित्य आपण वाचतो त्याहून कितीतरी जुने साहित्य आपण ऐकत आणि पाहत आलो आहोत, आणि ते एकदाच कधी ऐकले गेले नाही.

२. सचेतनपट म्हणजे काय?

ज्याला आपण बोलण्यात ‘ॲनिमेशनपट’ किंवा नुसते ‘कार्टून’ म्हणतो, त्याला मराठीत ‘सचेतनपट’ अशी संज्ञा आहे. अचेतन चित्रांना चेतना दिल्याचा भास जिथे होतो, तो सचेतनपट. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांसमोरून सरकतात. प्रत्येक चित्रात मागच्या चित्रापेक्षा किंचित बदल असतो आणि आपली नजर ती चित्रे जोडून घेते, म्हणून हालचाल दिसते. संगणक येण्यापूर्वी ही चित्रे पारदर्शक पत्र्यांवर हाताने रंगवली जात, रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवली जात आणि एकेक करून त्यांचे छायाचित्र घेतले जाई.

भारतात या कलेचे शिक्षण संस्थेच्या पातळीवर सुरू झाले ते मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात. १९५६ मध्ये तिथे दाखल झालेले राम मोहन पुढे भारतीय सचेतनपटाचे आद्य शिल्पकार मानले गेले. याच संस्थेने १९७४ मध्ये काढलेला ‘एक, अनेक और एकता’ हा विजया मुळे यांचा लघुपट दूरदर्शनवरून इतक्या वेळा दाखवला गेला, की एका संपूर्ण पिढीला तो पाठ झाला. त्याला संगीत होते वसंत देसाई यांचे. लक्षात घ्या, तो पाठ होण्याचे कारण त्याची लांबी वा भव्यता नव्हते. तो पुन्हा पुन्हा समोर आला, हे होते.

३. पुनरावृत्ती : आपली जुनी सवय

पडदा येण्याच्या कितीतरी आधी मराठी समाजाला एकच कथा ठरावीक काळी पुन्हा अनुभवण्याची सवय होती. चातुर्मासात घरोघरी पोथी लागत असे. श्रीधरांचा ‘रामविजय’ किंवा ‘हरिविजय’ संध्याकाळी वाचला जाई. वाचणारा एक, ऐकणारे दहा. पुढे काय होणार हे सर्वांना माहीत. पण सीताहरणाच्या अध्यायाला दरवर्षी कोणाचे ना कोणाचे डोळे पाणावतच. श्रावणातील कहाण्यांचेही तसेच. कहाणीचा आरंभ आणि शेवट ठरलेला असतो आणि तो तसाच म्हटला गेला पाहिजे, असा ऐकणाऱ्यांचा आग्रह असतो. कीर्तनकार तेच आख्यान लावतो, मात्र पूर्वरंगात नवे दाखले देतो.

चित्रांच्या साहाय्याने कथा सांगण्याची परंपराही आपल्याकडे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने जपलेली ‘चित्रकथी’ हे तिचे ठळक उदाहरण होय. रामायण-महाभारतातील प्रसंगांची रंगीत चित्रे क्रमाने जुळवलेली असतात. कथेकरी एकेक चित्र पुढे करतो आणि वाद्यांच्या साथीने प्रसंग गाऊन सांगतो. चित्र स्थिर असते, त्याला गती देतो तो कथेकऱ्याचा आवाज. सणाच्या दिवशी घरात लागणाऱ्या सचेतनपटाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले, तर तो परका वाटत नाही. चित्रकथीच्या चौकात बसलेल्या मुलांचीच ही पुढची पिढी, असे म्हणता येईल.

४. फाळके यांचे दुसरे तिकीट

सणाच्या दिवसांत कुटुंबाने मिळून चित्रपट पाहण्याच्या परंपरेचा विचार नाशिक जिल्ह्याला वगळून करता येणार नाही. भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. १९१०-११ च्या सुमारास, ख्रिस्ती सणाच्या दिवसांत, त्यांनी मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असताना आपल्या मनःचक्षूंसमोर मात्र राम आणि कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिले. त्याच लेखातील आणखी एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. चित्रपट संपताच त्यांनी दुसरे तिकीट काढले आणि तोच चित्रपट पुन्हा पाहिला.

या दुसऱ्या तिकिटाचा विचार करा. पहिल्या वेळी माणूस ‘काय झाले’ ते पाहतो. दुसऱ्या वेळी ‘हे कसे झाले’ आणि ‘यात माझे काय’ हे पाहतो. जे पडद्यावर नाही, ते दिसू लागते. फाळके यांना परक्या सणाच्या चित्रपटात आपली अयोध्या आणि आपले गोकुळ दिसले. पुढे ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

त्यानंतर फाळके यांनी आपले कार्यक्षेत्र नाशिकला हलवले. त्यांची चित्रपटनिर्मिती हा घरातल्या सर्वांचा उद्योग होता. पत्नी सरस्वतीबाई तांत्रिक कामांत हात देत, मुलगा भालचंद्र ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला आणि मुलगी मंदाकिनी ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण झाली. नाशिकमध्ये तयार झालेल्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम अवतरला, की प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडत, असे सांगितले जाते. १९१५ च्या सुमारास फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपटही केला. आगपेटीतल्या काड्या किंचित हलवायच्या, एक चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायच्या. अशा रीतीने त्या काड्या पडद्यावर स्वतःहून आकार घेताना दिसत. भारतातील सचेतनपटाचे हे अगदी आरंभीचे पाऊल होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) पोथीवाचन आणि सणाच्या दिवशी घरात पाहिला जाणारा चित्रपट यांतील दोन साम्ये सांगा.
(ब) फाळके यांनी दुसरे तिकीट काढले, या घटनेचा अर्थ तुमच्या शब्दांत तीन-चार वाक्यांत लिहा.

५. जपानी चित्रकारांची पंचवटी

आता आरंभीच्या दिवाळीच्या दुपारकडे परत येऊ. मुले पाहत होती तो चित्रपट म्हणजे ‘रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स राम’. १९८३ मध्ये युगो साको हे जपानी निर्माते पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी भारतात आले होते. रामकथेशी त्यांची ओळख तेव्हा घट्ट झाली आणि तिची जपानी भाषेतील अनेक रूपे त्यांनी वाचून काढली. देवतुल्य व्यक्तींचे चित्रण जिवंत नटापेक्षा रेखाटनातून अधिक मोकळेपणाने होईल, असे त्यांना वाटले. भारतात आरंभी या कल्पनेला विरोध झाला. त्यामुळे चित्रांचे काम जपानमध्ये झाले. पण साको व कोइची सासाकी यांच्या बरोबरीने दिग्दर्शनात राम मोहन होते. वेशभूषा, वास्तू, नमस्काराची वा बसण्याची रीत यांबाबत भारतीय कलावंतांचा सल्ला घेतला गेला. सुमारे एक लाख चित्रे हाताने रंगवली गेली. संगीत वनराज भाटिया यांचे होते आणि इंग्रजी आवृत्तीतील संस्कृत गीते वसंत देव यांनी रचली.

१९९२ मध्ये पूर्ण झालेला हा चित्रपट त्या वेळी भारतातील चित्रपटगृहांत फारसा चालला नाही. त्याला खरा प्रेक्षक मिळाला तो घरांत. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी, विशेषतः कार्टून नेटवर्कने, तो वारंवार दाखवला आणि सणासुदीच्या सुट्ट्यांशी तो जोडला गेला. हिंदी आवृत्तीतील अरुण गोविल यांचा राम, अमरीश पुरी यांचा रावण आणि शत्रुघ्न सिन्हा यांचे निवेदन मुलांच्या कानांत बसले. ती मुले आता आई-वडील झाली आहेत. २४ जानेवारी २०२५ रोजी हा चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगू व इंग्रजी या भाषांत भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला.

या भाषांच्या यादीत मराठी नाही. मग हा चित्रपट मराठी घरांत मराठी झाला कसा? नाशिकच्या एखाद्या घरात असा संवाद सहज ऐकू येईल :

“आजी, हे जंगल कुठलं गं?”
“लांबचं नाही, बाळा. हीच आपली पंचवटी. आपण रामनवमीला काळारामाला जातो ना, तिथलीच.”
“मग शूर्पणखेचं नाक इथंच कापलं?”
“इथंच, तपोवनात. म्हणून तर गावाचं नाव नाशिक, असं माझी आई सांगायची.”
तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज येतो, “आणि नव शिखरांवरून नाशिक, असंही म्हणतात हं!”

हा संवाद चित्रपटात नाही. तो चित्रपटामुळे घडला, पण चित्रपटाचा नाही. पडद्यावर हिंदीत चाललेल्या, जपानमध्ये रेखाटलेल्या कथेला आजीने गोदावरीचा काठ दिला. ‘नासिका’ या शब्दावरून वा ‘नव शिखरे’ यांवरून गावाचे नाव सांगणे याला अभ्यासक ‘लोकव्युत्पत्ती’ म्हणतात. तिचा भाषाशास्त्रीय खरेपणा हा वेगळा प्रश्न. ती एका पिढीकडून दुसरीकडे कोणत्या प्रसंगी जाते, हा आपला प्रश्न आहे. इथे तो प्रसंग सुट्टीतल्या सचेतनपटाने पुरवला.

म्हणून या पाठातील मध्यवर्ती विधान असे मांडता येईल : सणाच्या वेळी पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटाच्या दोन संहिता असतात. पहिली पडद्यावरची; ती दरवर्षी तीच राहते. दुसरी घरातली, ती दरवर्षी थोडी बदलते, वाढते, आणि ती मराठीत असते. परंपरा नांदते ती दुसऱ्या संहितेत.

६. अन्य देशांतील रीत

अशी रीत केवळ आपल्याकडे आहे असे नाही. स्वीडनमध्ये १९६० च्या आसपासपासून नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, दुपारी तीन वाजता डोनाल्ड डकचा एक ठरलेला कार्यक्रम दूरचित्रवाणीवर लागतो. अनेक कुटुंबे जेवणाची आणि भेटी उघडण्याची वेळ त्याच्या आगेमागे ठरवतात. ब्रिटनमध्ये १९८२ मध्ये प्रथम दाखवलेला ‘द स्नोमॅन’ हा संवादरहित सचेतनपट नाताळात पुन्हा पुन्हा पाहिला जातो.

अमेरिकेत ९ डिसेंबर १९६५ रोजी ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ हा अर्ध्या तासाचा सचेतनपट प्रथम दाखवला गेला आणि पुढे अनेक दशके तो दरवर्षी सर्वांना खुल्या असलेल्या वाहिन्यांवर लागत राहिला. २०२० मध्ये त्याचे हक्क पैसे भरून पाहण्याच्या एका सेवेकडे गेले, तेव्हा प्रेक्षकांनी मोठी नाराजी व्यक्त केली. परिणामी त्या वर्षी आणि पुढील वर्षी तो सार्वजनिक वाहिनीवर दाखवण्याची व्यवस्था करावी लागली. चित्रपट नाहीसा झाला नव्हता. हवा तेव्हा पाहता येत होता. मग लोकांचे काय हरवले होते? त्यांची ठरलेली वेळ हरवली होती. ‘आत्ता, या क्षणी, शेजारच्या घरातही हेच चालू आहे’ ही भावना हरवली होती.

७. परंपरेची चार अंगे

वरील उदाहरणांवरून अशा परंपरेची चार अंगे सांगता येतात.

(१) नियत काळ : कथा केव्हाही ऐकता येते, पण ‘आज’ ऐकायची असते. रामजन्माचे कीर्तन चैत्र शुद्ध नवमीला भर दुपारी होते, म्हणून ते रामजन्माचे कीर्तन.

(२) सोबत : एकट्याने पाहिलेला चित्रपट मनात राहतो, सोबतीने पाहिलेला घरात राहतो. वर्षभर भिन्न वेळापत्रके सांभाळणारी माणसे त्या दोन तासांसाठी एका दिशेला तोंड करून बसतात.

(३) पुनरावृत्ती : कथा तीच राहते, म्हणून पाहणाऱ्यांतील बदल दिसतो. मागच्या वर्षी जटायूच्या प्रसंगाला आईच्या पदराआड लपणारा मुलगा या वर्षी धाकट्या बहिणीला धीर देतो. मागच्या वर्षी जिथे आजोबा बसत, ती जागा या वर्षी रिकामी असते. न बदलणारी कथा ही घराने स्वतःला मापण्याची पट्टी ठरते.

(४) भाष्य : मध्येच विचारलेले प्रश्न, दुरुस्त्या, आठवणी, आधीच उच्चारलेली वाक्ये. चित्रपटगृहात हे बोलणे व्यत्यय ठरते. घरात तेच परंपरेचे मुख्य अंग ठरते.

८. परंपरेकडे डोळसपणे पाहताना

परंपरेचे गुणगान करताना तिच्या कडेला कोण उभे आहे, हेही अभ्यासकाने विचारले पाहिजे. वरच्या संवादात एक आवाज स्वयंपाकघरातून आला होता. सर्वांनी मिळून पाहण्याच्या या दुपारीही चकल्या तळणारी व्यक्ती बहुधा एकच असते. तिने हा चित्रपट अनेक वर्षे पाहिलेला नसतो, फक्त ऐकलेला असतो. ‘कुटुंबाची परंपरा’ असे लिहिताना कुटुंबातील कोण पडद्यासमोर होते आणि कोण नव्हते, हे नोंदवणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दुसरी बाब नाशिकच्या इतिहासातील आहे. ज्या पंचवटीचा आजी अभिमानाने उल्लेख करते, तेथील काळाराम मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला प्रवेश नव्हता. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांनी त्याची धुरा वाहिली आणि तो सुमारे पाच वर्षे चालला. रामकथा ‘सर्वांची’ आहे, असे आपण सहज म्हणतो. पण ती सर्वांना सारख्याच वाटेने मिळालेली नाही. एखाद्या घरात हा चित्रपट पाहताना आजीला तिच्या वडिलांनी सांगितलेली या सत्याग्रहाची आठवण येत असेल, तर तीही त्या घराची दुसरी संहिताच होय. एखाद्या घरात राम मुळीच पाहिला जात नसेल आणि सणाच्या दिवशी दुसरेच काही लागत असेल. अभ्यासकाने दोन्ही घरांत सारख्याच आदराने बसले पाहिजे.

९. आजचा पेच

पूर्वी चित्रपट दुर्मीळ होता आणि वेळ ठरलेली होती. आज चित्रपट सुलभ झाला आहे आणि वेळ सुटी झाली आहे. घरातील प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे, कानात स्वतंत्र आवाज आहे. मुलगा मंगळवारी रात्री एकटाच तो चित्रपट पाहून संपवतो. त्याला राम-रावण युद्ध दिसते. पण “हीच आपली पंचवटी” हे वाक्य त्याला कोण ऐकवणार? कान झाकलेले असतात, आणि आजीही शेजारी नसते.

पहिली संहिता आज पूर्वीपेक्षा अधिक सुरक्षित आहे. जुन्या चित्रफिती स्वच्छ करून नव्याने प्रदर्शित होत आहेत. दुसरी संहिता मात्र कोणत्याही संग्रहालयात ठेवलेली नाही. ती बोलणाऱ्यांबरोबर संपते. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती वा घरकाम सांभाळून हे पुस्तक उघडतात. घरात एकीकडे वृद्ध आई-वडील आणि दुसरीकडे वाढती मुले असतात. या दोन पिढ्यांच्या मध्ये तुम्ही बसलेले आहात. वर्षातून एक दुपार ठरवणे, एकच पडदा लावणे आणि मध्येच कोणी बोलले तर त्याला ‘शांत बस’ न म्हणणे, एवढे तुमच्या हाती निश्चित आहे.

सारांश

सणाच्या सुट्टीत एकच सचेतनपट कुटुंबाने दरवर्षी पाहणे ही पोथी, कीर्तन व चित्रकथी यांच्या वाटेने आलेली रीत आहे. फाळके यांच्या दुसऱ्या तिकिटापासून आजच्या दिवाळीपर्यंत ‘पुन्हा पाहणे’ ही अर्थ लावण्याची क्रिया राहिली आहे. नियत काळ, सोबत, पुनरावृत्ती आणि भाष्य ही या परंपरेची चार अंगे होत. पडद्यावरची संहिता टिकली, तरी घरातील मराठी संहिता टिकेलच असे नाही. ती प्रयत्नपूर्वक ऐकावी आणि नोंदवावी लागते.

सरावासाठी स्वाध्याय

१. ‘न बदलणारी कथा ही घराने स्वतःला मापण्याची पट्टी ठरते’ – सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘दोन संहिता’ ही संकल्पना तुमच्या परिचयाच्या एखाद्या कहाणीला वा कीर्तनाला लावून दाखवा.
३. चित्रपट केव्हाही उपलब्ध असणे आणि तो ठरलेल्या वेळीच लागणे, यांतील फरकाची चर्चा करा.

क्षेत्रीय कार्य

येत्या सणाला घरातील सर्वांनी मिळून एक परिचित चित्रपट पाहा. पाहताना कोण काय बोलले, ते ज्याच्या त्याच्या बोलीत, दुरुस्ती न करता लिहून ठेवा. नंतर घरातील सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत लहान व्यक्तीला त्यातील एकच प्रसंग स्वतंत्रपणे सांगावयास सांगा आणि दोन्ही कथनांतील फरक टिपा. वहीवर दिनांक अवश्य घाला आणि पुढील वर्षासाठी काही पाने कोरी ठेवा.